टाइम्स स्क्वेअरच्या जाळीखाली काय वाजतं?

प्रश्न: मुलाकडे न्यू जर्सीला चाललोय. तो म्हणतो टाइम्स स्क्वेअरला जमिनीखालून आवाज येणारी एक कलाकृती आहे, पण त्याने स्वतः काही ऐकलेली नाही. खरंय का हे? आणि अशा ठिकाणी प्रेक्षकांचा सहभाग असतो म्हणे, तर आपल्याला काही बोलायला-करायला लावतात का? माझं इंग्रजी बेताचंच आहे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: खरंय, आणि इंग्रजीचा काही संबंध नाही, बिनधास्त जा. ब्रॉडवेवर 45व्या आणि 46व्या रस्त्याच्या मधे सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, हवेसाठी लोखंडी जाळ्या आहेत, तिथे जाऊन उभं राहायचं. देवळातली मोठी घंटा वाजून गेल्यावर मागे जो नाद घुमत राहतो ना, तसा सलग आवाज खालून येतो. मॅक्स न्यूहाउस या कलाकाराने 1977 मधे हे बसवलं, 1992 ला बंद झालं, 2002 पासून परत सुरू आहे, आता डिया आर्ट फाउंडेशन ही कलासंस्था बघते. दिवसरात्र चालतं, तिकीट नाही. तरी निघायच्या आधी डियाच्या साइटवर एकदा बघून घ्या, दुरुस्तीला बंद नको असायला.

पाटी शोधत बसू नका, मुद्दामच लावलेली नाहीये. खाली कसलंतरी मशीन चालू असेल म्हणून बरेच जण पुढे जातात आणि न्यूहाउसला ते चालत होतं. (मुलाचाही तिथून जाताना तोच समज झाला असेल, रागावू नका!) मला तर पाटी नाही हेच आवडतं, पाटी असती तर लोक फोटो काढून निघाले असते.

सहभाग म्हणाल तर एवढाच की जाळीवर जरा हळूहळू फिरा, दोन पावलं सरकलं की नाद बदलतो, बाजूला झालं की ट्रॅफिकमधे विरून जातो. न्यूहाउस मूळचा तालवादक. 1966 मधे त्याने जमलेल्या लोकांच्या हातावर ‘ऐका’ असा इंग्रजीत रबरी शिक्का मारला आणि त्यांना घेऊन न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून चालत सुटला, वाटेत वीजकेंद्राची घरघर, वस्तीतला गलका, तोच कार्यक्रम! बोलायला लावणारे प्रयोगही असतात म्हणा, 2005 मधे रिमिनी प्रोटोकोल या नाटकवाल्या ग्रुपने बर्लिनमधल्या प्रेक्षकाच्या हातात मोबाइल दिला आणि कोलकात्याच्या कॉल सेंटरमधला माणूस त्याला बर्लिनच्या गल्ल्यांतून फिरवायचा. तिथे मात्र गप्प बसून भागत नव्हतं.

प्रश्न: आम्हा मित्रांना तुळशीबागेत फिरत ऐकायचा ऑडिओ वॉक करायचाय. स्टुडिओत रेकॉर्ड करावा का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: नको गं, तिथेच कर. जॅनेट कार्डिफ या कलाकार बाईने 1999 मधे लंडनच्या व्हाइटचॅपल लायब्ररीपासून सुरू होणारा वॉक केला, तिची पद्धत म्हणजे दोन कानांच्या जागी दोन माइक लावून त्याच वाटेवर चालत रेकॉर्ड करायचं, त्यामुळे ऐकणाऱ्याला मागून आलेली सायकल खरी की रेकॉर्डमधली ते कळतच नाही आणि तो वळून बघतो. तिच्या पावलांचा आवाजही येतो, त्याच चालीने चालायचं. तुम्ही गर्दी नसताना रेकॉर्ड केलंत तर शनिवारी संध्याकाळी ऐकणारा बांगड्यांच्या दुकानापाशीच अडकेल आणि तुमचा आवाज पार गणपतीच्या देवळापर्यंत पोचलेला असेल, म्हणून गर्दीतच चाला. आणि लक्ष्मी रोड वॉकमधे घेऊ नका, कानात हेडफोन घालून तो ओलांडायला लावणं मला पटत नाही.