महापुरानंतर मदतवाटप संपत आले आहे. दुर्लक्षित वस्तीच्या उभारणीसाठी स्वयंसेवकांनी पुढे काय करावे?

महापुराचा फटका बसलेल्या, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून नागरी सोयींची वाट पाहत असलेल्या एका वस्तीत आपला गट काम करतो आहे, गाळ उपसणे आणि धान्य-कपड्यांचे वाटप उरकत आले आहे, स्वयंसेवकांची गर्दी ओसरू लागली आहे, आणि अशा वेळी केवळ स्वयंसेवकांच्या बळावर वस्तीचा विकास होऊ शकतो का, असे आपण विचारले आहे. वस्ती हलवण्याची कुजबुज सुरू असल्याचेही आपण लिहिले आहे. पूरग्रस्त भागांत मी बरीच वर्षे स्वयंसेवक म्हणून काम केले आहे आणि माझे मत असे की विकास होऊ शकतो. मात्र गर्दी ओसरण्याच्या याच टप्प्यावर फावडे खाली ठेवून वही-पेन हाती घेण्याची गटाची तयारी हवी. वस्ती पुन्हा उभी राहते की नाही, हे बहुतेक ठिकाणी कोणाचे नाव यादीत आले आणि कोणाचे सुटले यावर ठरते, आणि ते ठरण्याचा काळ आपण सध्या ज्या आठवड्यांत आहात तोच असतो.

अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्स शहरात काय घडले ते पाहा. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ धडकले, पूररोधक भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर ठिकठिकाणांहून आलेल्या स्वयंसेवकांनी हजारो घरांतील कुजलेले सामान आणि बुरशी धरलेल्या भिंतींचे तक्ते उचकटून बाहेर काढले. ते काम प्रचंड होते आणि आवश्यकही होते. परंतु लोअर नाइन्थ वॉर्डासारख्या कृष्णवर्णीयांच्या गरीब भागांत अनेक घरे पिढ्यान्‌पिढ्या वारशाने आलेली होती, वारसांची नोंद कोणी केलेली नव्हती, आणि घर नावावर नाही म्हणून पुनर्बांधणीचे अनुदान अडून राहिले. त्यात भर म्हणजे राज्याच्या ‘रोड होम’ योजनेत अनुदान ठरवताना घराची वादळापूर्वीची बाजारातील किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांपैकी जो आकडा कमी असेल तो धरला जात असे. दोन घरे आकाराने आणि नुकसानीने अगदी सारखी असली, तरी गरीब वस्तीतील घराची किंमत मुळातच कमी लागत असल्याने तेथील मालकाच्या हाती कमी रक्कम पडत होती. याविरुद्ध दावा दाखल झाला, २०११ मध्ये तडजोडही झाली. तोवर वादळाला जवळजवळ सहा वर्षे होत आली होती. स्वयंसेवकांनी घर झाडून-पुसून तयार केले आणि मालक मात्र परतू शकला नाही, असे तेथे पुष्कळ झाले.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की वस्तीत एका ठरलेल्या जागी, लोक कामावरून परतल्यानंतरच्या वेळेत, रोज एक टेबल मांडले जावे. तेथे बसणाऱ्याला अर्ज भरता यावा, कागदाची स्वच्छ छायाप्रत काढता यावी आणि समोरच्याचे बोलणे न तोडता ऐकून घेता यावे. शेवटचे कौशल्य सर्वांत दुर्मीळ आहे. दुसऱ्या एका स्वयंसेवकाने घरोघर जाऊन भिंतीवरची पाण्याची रेघ टिपावी: रेघेशेजारी मोजपट्टी धरलेली, चौकटीत घराचा क्रमांक आणि दारात उभी राहिलेली घरातली व्यक्ती, असे एकच छायाचित्र पुढे शंभर युक्तिवादांचे काम करते. हे रंगरंगोटीच्या आधी झाले पाहिजे. घर लवकर नीट दिसावे या ओढीने लोक सर्वांत आधी भिंतीच रंगवतात, आणि पंचनाम्याला उशिरा आलेला अधिकारी ‘येथे तर काही झालेले दिसत नाही’ असे म्हणून निघून जातो. सामान फेकण्यापूर्वीही त्याचे छायाचित्र घ्यावे, हे ओघाने आलेच.

राहत असल्याचा पुरावा नाही, असे सांगणाऱ्या माणसाकडे बहुधा काहीतरी पुरावा असतोच. तो पुरावा म्हणून चालेल हे त्याला ठाऊक नसते. विजेचे जुने बिल, शाळेचा दाखला, दवाखान्याचा कागद, पत्ता लिहिलेले एखादे पाकीट, सारे तपासावे. एका भाडेकरू बाईंकडे बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाखेरीज काहीही शिल्लक नव्हते. कार्ड भिजून फुगले होते, पण परिचारिकेने बॉलपेनने लिहिलेला पत्ता आणि लागोपाठच्या डोसांच्या तारखा वाचता येत होत्या, आणि त्या कुटुंबाचे त्या खोलीतले वास्तव्य सिद्ध करायला तेवढे पुरले.

भाडेकरूंचा मुद्दा मी मुद्दाम अधिक लांबवतो, कारण बहुतेक भरपाई योजना मालकाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात आणि अशा वस्त्यांत निम्मे लोक दुसऱ्याच्या खोलीत राहत असू शकतात. मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपानंतर शहराच्या मध्यभागातील जुन्या, मोडकळीस आलेल्या वाड्यांतले भाडेकरू संघटित झाले आणि आम्हाला शहराबाहेर पाठवू नका, आहे तेथेच घरे बांधून द्या, या मागणीवर ठाम राहिले. त्यांच्या दबावामुळे सरकारने ऑक्टोबरमध्येच हजारो मालमत्ता ताब्यात घेतल्या, त्याच जागांवर चाळीस हजारांहून अधिक घरे उभी राहिली किंवा दुरुस्त झाली, आणि भाडेकरू त्यांचे मालक झाले. ढिगाऱ्यांखालून माणसे काढणारे स्वयंसेवक आणि नंतर मोर्चे काढणारे रहिवासी यांच्यात तेथे फारशी सीमारेषा नव्हती, हे त्या यशाचे एक कारण मला वाटते.

यादी तयार करण्याचे काम वस्तीच्या पुढाऱ्यावर सोपवून मोकळे होऊ नका. मी हे कोणाच्या हेतूवर शंका घेऊन लिहीत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीचा मोठा भाग मच्छीमारांच्या जात-पंचायतींमार्फत वाटला गेला. त्या पंचायतींची शिस्त उत्तम होती, त्यामुळे वाटप झटपट झाले. आणि त्याच शिस्तीमुळे किनाऱ्यावर मजुरी करणारे दलित, तसेच एकट्या राहणाऱ्या स्त्रिया अनेक ठिकाणी यादीबाहेर राहिल्या. एकजूट जितकी घट्ट, तितका बाहेरच्याला आत यायला वाव कमी, हे आपल्या वस्तीतही घडू शकते. यावर मला माहीत असलेला उपाय साधा आहे: यादी गल्लीगणिक करावी, त्या-त्या गल्लीत सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावी, आणि कोण राहिले असे विचारून थांबावे. पहिल्या वाचनात कोणी बोलत नाही. दुसऱ्या वाचनाला मागच्या खोलीतला पोटभाडेकरू, पुराच्या वेळी बाहेरगावी असलेले कुटुंब, सासरहून परत आलेली मुलगी अशी नावे निघू लागतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे हे टिकते का याकडे, येतो. बाहेरून आलेला स्वयंसेवक कधीतरी जाणारच. त्यामुळे टेबलामागची खुर्ची शक्य तितक्या लवकर वस्तीतल्या माणसाकडे, आणि माझ्या अनुभवात शक्यतो वस्तीतल्या बायकांकडे, गेली पाहिजे. याचे सर्वांत चांगले उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे नव्याने वसवली गेली, त्याची चर्चा पुष्कळ झाली. त्या मानाने हजाराहून अधिक गावांतील घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम कमी लोकांना आठवतो. त्यात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. माळवदाच्या मातीचे ओझे का कमी करायचे, दगड-मातीच्या जाड भिंतीत आरपार जाणारा दगड का बसवायचा, अनुदानाचा पुढचा हप्ता कोणत्या टप्प्यावर मिळतो, हे त्या स्वतः शिकल्या आणि घरोघर सांगू लागल्या. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा यांतल्याच काही जणी तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगायला गेल्या. कच्छमध्येही संस्थांच्या ‘अभियान’ या जाळ्याने गावांच्या समूहांसाठी ‘सेतु’ केंद्रे चालवली; शासनाचे निर्णय गावात आणि गावाच्या तक्रारी शासनाकडे पोचवणे हे त्यांचे मुख्य काम होते.

जपानमधील कोबेच्या अनुभवातून दोन उलट गोष्टी शिकता येतात. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर तेथे दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक आले आणि त्या लाटेचा परिणाम म्हणून १९९८ मध्ये ना-नफा संस्थांसाठी नवा कायदाही झाला. तरीही तात्पुरती घरे देताना वृद्ध आणि अपंग यांना प्राधान्य देऊन सोडत काढली गेली, शेजारी विखुरले गेले, आणि शहराबाहेरच्या त्या घरांत एकाकी मृत्यूंचे सत्र सुरू झाले. प्राधान्याचा नियम दयाळूच होता. शेजारपण मोजण्याची सोय त्यात नव्हती. याउलट मानो नावाच्या गरीब, कारखान्यांच्या भागात १९६० च्या दशकापासून प्रदूषणाविरुद्ध रहिवाशांची संघटना होती, आणि भूकंपाच्या सकाळी रहिवासी व जवळच्या कारखान्याचे कामगार यांनी मिळून आग पसरू दिली नाही. आपल्या वस्तीत असा एखादा जुना गट असेल, मग तो कितीही भांडखोर असो, तर नवी समिती स्थापण्याचा मोह टाळावा.

बाहेरच्या स्वयंसेवकांबद्दल थोडक्यात सांगतो. शनिवार-रविवारी येणाऱ्या पन्नास जणांपेक्षा आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्षभर येणारे तीन जण मला अधिक मोलाचे वाटतात, आणि त्यांत एक वकील व एक स्थापत्य अभियंता असेल तर आणखी काही मागू नये. जमा-खर्च दर आठवड्याला वस्तीतल्या फलकावर लावावा. फलकासमोर उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांची सोय मात्र गटाने करू नये.

वस्ती हलवण्याच्या कुजबुजीकडे दुर्लक्ष करू नये, आणि घाबरूनही जाऊ नये. जानेवारी २००६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या पुनर्रचनेच्या नकाशावर काही सखल भागांवर हिरवी वर्तुळे काढून तेथे उद्याने होऊ शकतील असे सुचवले गेले. ब्रॉडमूर हा त्यांपैकी एक भाग होता. तेथील रहिवाशांनी विरोध-सभा तर घेतल्याच, पण त्याबरोबर गल्लीगल्लीत प्रतिनिधी नेमून कोण परतले आहे आणि कोण परतणार आहे याची नोंद केली, विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांची मदत घेऊन स्वतःचा आराखडा तयार केला, आणि शाळा व ग्रंथालय पुन्हा सुरू होईपर्यंत पाठपुरावा सोडला नाही. ब्रॉडमूरमध्ये मध्यमवर्गही होता, त्यामुळे सर्वच वस्त्यांना हे तितक्या सहज जमेल असे मी म्हणणार नाही. आपल्या गटाने सध्या एवढे करावे: पूररेषेचा नकाशा आणि स्थलांतराचा प्रस्ताव अधिकृतपणे लेखी मागवावा, वस्तीचा कोणता भाग खरोखर धोक्यात आहे हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे, आणि ज्यांना हलावेच लागेल त्यांच्यासाठी शेजारी एकत्र राहतील अशा जागेची मागणी गल्लीगणिक यादी जोडून नोंदवावी. मागणीवर सह्या घेताना भाडेकरूंच्या सह्या मालकांच्या सह्यांच्या खाली, वेगळ्या रकान्यात घेऊ नका. घरांच्या क्रमाने, एकाच रकान्यात घ्या.