कापूस बियाण्याचा सर्व्हे दुकानात बसून करू नकोस, आणि पत्र आधी घे

तुझी पोस्ट दोनदा वाचली. एमबीए मार्केटिंगचं पहिलं वर्ष झालं, बियाण्याच्या कंपनीत सहा आठवड्यांचा समर प्रोजेक्ट मिळाला, विषय ‘कापूस बियाण्यात शेतकऱ्यांची ब्रँड पसंती’. कंपनीचे साहेब म्हणतात जालन्याजवळच्या डीलरच्या दुकानात बस, तिथंच दीडशे फॉर्म भर, सर्टिफिकेट शेवटी देतो. गाईड म्हणतात कसेही भर पण वेळेत आण. घरचे म्हणतात मार्केटिंग सोड, एचआर घे. आणि तू विचारतेस की दुकानात बसून केलेला सर्व्हे चालेल का, आणि प्रोजेक्टचं लेखी पत्र नसलं तर पुढं काही अडेल का.

चालणार नाही आणि अडेल. दोन्ही मी भोगलंय, म्हणून रात्री उशिरा लिहायला बसले. एकेरीत लिहितेय, राग मानू नकोस. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील.

सॅम्पल साइझ, प्रश्नावलीचे प्रकार, अहवालाची प्रकरणं यात शिरत नाही. ते तुझ्या पुस्तकात आहे आणि सीनियरच्या जुन्या अहवालातही आहे.

मी हिंगोली जिल्ह्यातली, वसमतकडची. घरी हळद आणि कापूस. २०१७ च्या उन्हाळ्यात माझा प्रोजेक्ट होता, विषय जवळजवळ तुझाच. कंपनी परराज्यातली होती, नाव लिहिणार नाही. मलाही असंच एका कृषी सेवा केंद्रात बसवलं. मृगाच्या आधीचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. काउंटरच्या शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची, मांडीवर पॅड. एक आजोबा आले, खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली, मालकापुढे ठेवली. मालकानं न बघताच पोराला हाक मारली, दोन पाकिटं आणली, वहीत लिहिलं. मी विचारलं, “बाबा, हेच बियाणं का घेता तुम्ही?” त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही, मालकाकडं बघितलं. मालक म्हणाला, “सांगा की, चांगलंय म्हणून.” आजोबा म्हणाले, “चांगलंय म्हणून.” मी ‘गुणवत्ता’ या चौकोनात टिक केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

असे दीडशे फॉर्म आठ दिवसांत भरले. जवळपास सगळे ‘पूर्ण समाधानी’. मी खूश होते, रंगीत तक्ते काढले, बाइंडिंगला दिलं.

तोंडी परीक्षा तिसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी झाली. तो खरीप कसला होता हे तुला घरी कुणीही सांगेल. गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रभर कापूस खाल्ला होता, उभ्या पिकात लोक रोटाव्हेटर घालत होते. आणि माझ्या अहवालात शेतकरी बियाण्यावर समाधानी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं चाळली आणि फार शांतपणे विचारलं, “यातल्या किती जणांनी रोखीनं नेलं?” माझ्या फॉर्ममध्ये तो प्रश्नच नव्हता. मग म्हणाले, “मग पसंती मोजलीत कुणाची? शेतकऱ्याची की दुकानदाराची?”

मला आजही त्या प्रश्नाचं वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणानं. माझे वडील स्वतः वर्षानुवर्षं उधारीवर बी आणायचे. दिवाळीनंतर कापूस विकला की हिशेब. उधारी ज्या दुकानात, बी त्याच दुकानातलं, आणि तो देईल ते. त्याच उन्हाळ्यात जेवताना वडील म्हणाले होते, “औंदा आळीचं काही खरं दिसत नाही.” म्हणजे शेतकऱ्याला काळजी जूनमध्येच होती, ती माझ्या घरात बोलली जात होती. मी ‘ब्रँड लॉयल्टी’ हे प्रकरण वाचलं आणि घरातलं ऐकलेलं बाजूला ठेवलं. शहरातल्या मुलाची ही चूक झाली असती तर समजून घेता आली असती. माझी व्हायला नको होती.

आता मुद्द्याचं. मार्केटिंगच्या पुस्तकातले, मॅकार्थीनं १९६० मध्ये मांडलेले चार पी (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) तुझे पाठ असतील. तुझ्या विषयाला ते लावून बघ. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं, म्हणजे प्राइस हा पी कंपनीच्या हातात जवळपास नाहीच. वाणांमधला फरक पेरणीआधी पाकिटावरून कळत नाही, तो कळतो बोंडं लागल्यावर. मग कंपन्या लढतात कुठं? दुकानात. डीलरला किती कमिशन, किती दिवसांची उधारी, कोणती सहल, यावर. वर खताच्या वेळी लिंकिंग आहेच, युरिया हवा तर सोबत हे नको असलेलं औषधही घ्या. ज्या बाजारात निवड काउंटरच्या आतल्या बाजूला होते, तिथं काउंटरच्या बाहेर उभ्या माणसाला ‘तुमची आवडती कंपनी कोणती’ विचारून काय मिळणार? आणि तेही मालक ऐकत असताना, ज्याच्या वहीत त्याचं नाव आहे?

म्हणून पहिलं काम, गाईडना सांगून विषयाचं नाव बदलून घे. ‘ब्रँड पसंती’ ऐवजी ‘कापूस बियाणे खरेदीच्या निर्णयावर परिणाम करणारे घटक’. कंपनीला बहुतेक हरकत नसते, त्यांना अहवालाचं शीर्षक नको असतं, डीलरची माहिती हवी असते. आणि ‘रोखीनं की उधारीवर’ हा प्रश्न फॉर्ममध्ये हवाच, पण पहिल्या पानावर नको. उधारी विचारली की माणूस बोलणं आवरतं घेतो. शेवटी विचार, आणि ‘तुम्ही’ न म्हणता ‘तुमच्या गावात लोक साधारण कसं नेतात’ असं विचार. उत्तर मिळतं.

आता पत्र. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान इथं झालं. अहवाल कच्चा होता ते माझ्या चुकीनं, पण तो सुधारून देण्याची मुभा मिळाली होती. अडलं सर्टिफिकेटपाशी. ज्या साहेबांनी मला बसवलं होतं त्यांची ऑगस्टमध्ये बदली झाली आणि ते फोन उचलेनात. मी कंपनीच्या विभागीय कार्यालयात गेले. तिथं सांगितलं, तुमच्या नावाची इथं नोंदच नाही. मी फॉर्म दाखवले, दुकानातला फोटो दाखवला. समोरचा माणूस म्हणाला, “जॉइनिंग लेटर दाखवा.” ते कुठं होतं? सगळं तोंडी ठरलेलं. हेड ऑफिसला मेल करा म्हणाले. हेड ऑफिसचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं, की विभागीय कार्यालयाशी संपर्क साधा. एसटीनं चार खेपा घातल्या, प्रत्येक वेळी पहाटेची गाडी, प्रत्येक वेळी वडिलांकडून तिकिटाचे पैसे. शेवटच्या खेपेला मला दीड तास बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि मग शिपायाकडून निरोप पाठवला की साहेब आज भेटणार नाहीत. साहेब काचेच्या पलीकडे चहा पीत होते, मला दिसत होते. सहा आठवडे त्यांच्याच मालासाठी मी उन्हात काम केलं होतं, एक पैसा घेतला नव्हता. एका कागदावर दोन ओळी लिहून शिक्का मारायला त्यांना पाच मिनिटं लागली असती. मला त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असंही वाटत नाही.

सर्टिफिकेट नाही म्हणून प्रोजेक्टचे गुण कॉलेजकडून विद्यापीठाला पाठवले गेले नाहीत आणि माझा निकाल राखून ठेवला. दरम्यान कॅम्पसमधून मिळालेली नोकरी मुदतीत गुणपत्रिका न दिल्यामुळं गेली. सहा महिने घरी. शेवटी विभागप्रमुखांकडं अर्ज करून कंपनीशिवाय, स्वतंत्र विषय म्हणून सर्व्हे पुन्हा करायची परवानगी मिळवली आणि पुढच्या परीक्षेला दिला.

तू आजच हे कर: कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्य किंवा संचालकांच्या सहीनं कंपनीला पत्र. त्यात तुझं नाव, विषय, सुरू आणि संपण्याची तारीख, आणि कंपनीतर्फे कोण बघणार त्यांचं नाव व हुद्दा. कार्यालयात नेऊन दे आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घे, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. त्याच दिवशी तोच मजकूर साहेबांच्या कंपनीच्या मेलवर पाठव, खासगी जीमेलवर नाही. ‘ओके’ एवढं उत्तर आलं तरी पुरतं. दर शनिवारी चार ओळींचा आढावा त्याच मेलच्या खाली पाठवत राहा. माणूस बदलला तरी मेल राहतो. पोहोच किंवा मेलचं उत्तर द्यायला पहिल्या आठवड्यात टाळाटाळ केली तर कंपनी बदल. तेव्हा बदलता येते, पाचव्या आठवड्यात येत नाही. (प्रत्येक विद्यापीठाचा नियम थोडा वेगळा असतो, काही ठिकाणी ठरावीक नमुन्यातलंच सर्टिफिकेट लागतं. तुझ्या विभागाच्या ऑफिसातून नमुना आधीच माग.)

दुसऱ्या वेळचा सर्व्हे मी गावांत केला. तीन गावं निवडली: एक रोडवरचं, एक तालुक्यापासून दहाएक किलोमीटर आत, एक जिथं एसटी दिवसातून एकदाच जाते. दुकानापासूनचं अंतर बदललं की उत्तरं बदलतात, हे मला तिथं कळलं. आतल्या गावात सगळ्यांना एकाच दुकानाचं नाव माहीत होतं. सकाळी जाऊ नकोस, माणसं शेतात असतात आणि जी पारावर असतात ती रोज पारावरच असतात. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला जा. सोबत कुणाला तरी घे, घरचं माणूस असलं तर उत्तम. हे भीती घालायला सांगत नाही, अंधारात परतताना बरं असतं.

पाच पर्यायांची ती ‘पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ’ पट्टी गावात चालत नाही. माणूस सगळ्याला ‘बरंय’ म्हणतो, भिडेखातर. दुसऱ्या दिवशी मी वैतागून बसले होते तर एका काकूंनी चिंच फोडताना चिंचोक्यांचा ढीग पुढं सरकवला, पोरांना खेळायला. त्यातून सुचलं. खडूनं जमिनीवर पाच चौकोन काढायचे: उधारी, दुकानदाराचा सल्ला, शेजाऱ्याचं रान, जाहिरात, मागच्या वर्षीचा अनुभव. प्रत्येक चौकोनात एक वस्तू ठेवायची म्हणजे अक्षरओळख नसली तरी चालतं. मी वही, चष्मा, कापसाचं बोंड, मोबाइल आणि रिकामं पाकीट ठेवलं होतं. मग हातात दहा चिंचोके द्यायचे आणि म्हणायचं, ज्याचं वजन जास्त त्यात जास्त टाका. एका बाबांनी सहा चिंचोके वहीत टाकले, थोडं थांबले, एक उचलून शेजाऱ्याच्या रानात ठेवला आणि म्हणाले, “त्याचं बघूनच तर उधारी वाढवली.” हे वाक्य कुठल्याच पट्टीवर मावलं नसतं. पुस्तकात या पद्धतीला कॉन्स्टंट सम स्केल म्हणतात, अहवालात तेच नाव लिही, परीक्षक खूश होतात.

बायकांनाही विचार. नवरा समोर असला की तोच उत्तर देतो, म्हणून त्या घोळक्यात असताना विचार. बी कोण आणतं याचं उत्तर ‘हे आणतात’ असंच येईल. ‘मागच्या वर्षी कुठलं उगवलं नाही’ हे मात्र सरकी टोबणारी, म्हणजे हातानं एकेक बी लावणारी बाईच नेमकं सांगते.

गाईड ‘खोलीत बसून भर’ म्हणाले तर तसं करू नकोस. त्यांच्याशी भांडूही नकोस, गुण त्यांच्या हातात आहेत. दीडशेऐवजी साठ खरे फॉर्म चालतील का, असं विचार. माझ्या अनुभवात चालतात, पण त्यांच्याकडून कबूल करून घे.

आता एचआर. ‘मार्केटिंग म्हणजे दारोदार फिरणं, मुलींचं काम नाही’ हे माझ्या काकांनीही सांगितलं होतं. मी आज एका दूध कंपनीची ग्रामीण विक्री बघते, लातूर आणि धाराशिव. फिरणं आहे, खोटं सांगणार नाही. पण मराठवाड्यातली मुलगी ज्या गोष्टी न शिकता ओळखते, पेरणीच्या तोंडावर घरात पैसा नसतो, सणाला किती खर्च होतो, दुकानदाराची उधारी नेमकी काय असते, त्या मोठ्या शहरातून आलेल्यांना शिकवाव्या लागतात. एचआर मनापासून आवडत असेल तर घे. काका म्हणतात म्हणून घेऊ नकोस. तू ज्या जालन्यात बसणार आहेस तिथं बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाण्याची कंपनी उभी केली आणि १९९८ चा वर्ल्ड फूड प्राइझ मिळवला. बियाणं विकणं हे तुझ्या गावातलंच शास्त्र आहे. (माझ्या तक्रारीतली कंपनी ही नव्हे, वर सांगितलंय ती परराज्यातली होती.)

अवांतर, पण पोस्टमध्ये फीचा उल्लेख होता म्हणून: २०२४-२५ पासून कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला असेल तर. व्यवस्थापन कोट्याला नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरू नकोस. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का तेही बँकेत जाऊन बघ.

प्रश्नावली तयार झाली की इथं टाक, मराठीतली, इंग्रजीतली नको. दहा घरं झाल्यावर थांब आणि प्रश्न बदल, पहिल्या दहात काहीतरी चुकलेलं असतंच. मी रोज रात्री नऊनंतर बघते. आणि चिंचोके घरूनच घेऊन जा, जूनमध्ये गावात सापडत नाहीत.