मातीतून वाळूत उतरताना

तू बीच कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची तयारी करतोयस म्हणून लिहितो. आधी एक गोष्ट डोक्यातून काढ: मातीत घाम गाळलाय म्हणजे वाळू सोपी जाईल. नाही जात.

तिथे खालची कुस्तीच नाही. समोरचा खाली गेला की गुण मिळाला, पंच दोघांना पुन्हा उभं करतो. म्हणजे खाली पडलेल्याला पलटवायचा तुझा तो लाडका डाव, घिस्सा, घरीच ठेव. ७ मीटर व्यासाचं वर्तुळ, ३ मिनिटांची एकच फेरी, आणि आधी ३ गुण घेईल तो जिंकला. वर्तुळाबाहेर ढकललं तरी १ गुण, पण उचलून थेट पाठीवर टाकलंस तर एकदम ३, खेळ खल्लास! त्यामुळे ढाक, धोबीपछाड हे उभ्यानं फेकायचे डाव घोटून घे. दुहेरी पट काढायला, म्हणजे झेपावून समोरच्याचे दोन्ही पाय धरायला जाशील तर मागचा पाय घोट्यापर्यंत रुतलेला असतो, झेप निम्मीच पडते. मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा असाच तोंडावर आपटलो होतो. दातांत वाळू कचकचत होती, आणि पंचांनी समोरच्याचा हात वर केलेला.

बूट नाहीत, अनवाणी खेळायचं. दुपारची वाळू तव्यासारखी तापते, तळव्यांना आत्तापासून सवय लाव. जोर-बैठका आहेतच, त्यात सैल वाळूतली धाव वाढव, पोटऱ्या बोलतील.

वजनगट मोजकेच, पुरुषांचे ७०, ८०, ९० किलो आणि ९० च्या वर. ७४ चा असशील तर खाली उतरायचं की वर जायचं, हे वस्तादांना विचारून आत्ताच ठरव.