कोरोनानंतर २०२२ मध्ये भूतान पुन्हा खुले झाले. मे महिन्यात नाशिकहून चौघांची सहल स्वतः आखावी की एजंटकडून, आणि भारतीय पर्यटकांसाठीचे रोजचे माणशी १२०० रुपये शुल्क परवडते का?

आपण प्रश्नात सहज लिहून गेला आहात की आपले मेव्हणे २०१८ मध्ये भूतानला जाऊन आले असल्याने बाकीची माहिती घरातच आहे, प्रश्न उरतो तो एजंटचा आणि शुल्काचा. माझ्या मते आपली खरी अडचण एजंट नाही आणि १२०० रुपयेही नाहीत; मेव्हणे आहेत. आमच्या घरी त्या जागी माझा थोरला भाऊ होता.

दादा २०१७ मध्ये मित्रमंडळींबरोबर भूतानला गेला होता. तेव्हा भारतीयांना कोणतेही शुल्क नव्हते आणि सीमेवरच्या फुन्शोलिंग गावातील कार्यालयात ओळखपत्र दाखवले की परवाना मिळत असे. त्या आठ दिवसांच्या भांडवलावर तो घरात भूतानचा जाणकार झाला. पुढे एप्रिल २०२० साठी आई, दादा, वहिनी, माझी पत्नी आणि मी अशी पाच जणांची सहल ठरली आणि दादाच्या ओळखीच्या एका एजंटाकडे ४० हजार रुपये आगाऊ भरले गेले. ६ मार्च २०२० रोजी भूतानने परदेशी पर्यटकांना दार बंद केले. एजंटाने पैसे परत न करता 'क्रेडिट नोट', म्हणजे ती रक्कम पुढच्या सहलीत वळती करण्याची चिठ्ठी, दिली आणि दादाने ती 'घरचा माणूस आहे' म्हणून मुकाट्याने स्वीकारली. पैसे परत घे, असे मी त्याच दिवशी सांगितले होते. वहिनी साक्षीला आहेत.

अडीच वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२२ रोजी, भूतान पुन्हा उघडले आणि त्या क्रेडिट नोटेमुळे आम्हाला त्याच एजंटाकडे जावे लागले. दिवाळीची तारीख ठरली. निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी दादाला विचारले की कागदपत्रे पाहिलीस का. तो म्हणाला, "पासपोर्टची मुदत जानेवारीपर्यंत आहे, आपण ऑक्टोबरमध्ये जातोय, एवढे गणित तुला जमत नाही का?" एजंटाचेही म्हणणे तेच होते. दादाचे मतदार ओळखपत्र गंगापूर रोडवरच्या घरातील कपाटात राहिले. वहिनींनी मात्र कोणाला न विचारता स्वतःचे ओळखपत्र पर्समध्ये टाकले होते.

मुंबईहून विमानाने बागडोगरा आणि तेथून मोटारीने चहाच्या मळ्यांमधून चार तासांत जयगाव, येथवर सर्व सुरळीत झाले. जयगाव आपल्याकडे आणि फुन्शोलिंग त्यांच्याकडे. मध्ये एक रंगीत कमान. पलीकडच्या कार्यालयात आम्हा चौघांचे परवाने झाले, शुल्क भरले गेले आणि मग दादाची पाळी आली. नियम सरळ आहे: भारतीय नागरिकाकडे किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मूळ मतदार ओळखपत्र हवे, आणि आधार चालत नाही. दादाच्या पासपोर्टला तीन महिनेही उरले नव्हते. त्याने आधार कार्ड दाखवले, पॅन कार्ड दाखवले, वाहन परवाना दाखवला आणि शेवटी एका क्लबचे सभासदपत्रसुद्धा पुढे केले. अंगात 'घो' हा तिकडचा पुरुषांचा झगा घातलेल्या त्या अधिकाऱ्याने प्रत्येक कार्ड शांतपणे वाचून दोन्ही हातांनी परत केले. एजंटाला फोन लावला तेव्हा तो म्हणाला की पूर्वी कोणी इतके बघत नसे.

यानंतर जे घडले त्याविषयी आमच्या नातेवाइकांत दोन पक्ष आहेत. 'सख्ख्या भावाला सीमेवर टाकून हा पुढे निघून गेला' हे वाक्य मी तेव्हापासून एका साखरपुड्यात, एका वास्तुशांतीत आणि एका बारशात ऐकले आहे. म्हणून सांगतो. आम्ही जयगावच्या एका खानावळीत दोन तास बसून विचार केला. पुतण्याने ओळखपत्र शोधून पाठवले असते तरी ते पोहोचेपर्यंत सहल संपली असती. हॉटेलांचे पैसे क्रेडिट नोटेत अडकलेले, म्हणजे परत मिळण्याची आशा नाही. एकाहत्तर वर्षांची आई एवढा प्रवास करून आलेली. तीच शेवटी म्हणाली, "तो काही लहान नाही, राहील चार दिवस." वहिनी म्हणाल्या, "मी जाते." हे दोन्ही निर्णय माझे नव्हते, हे आमच्याकडच्या कोणी वाचत असल्यास कृपया लक्षात घ्यावे. दादाने ते दिवस जवळच्या जलदापारा राष्ट्रीय उद्यानात घालवले आणि गेंडे पाहिले. त्या गेंड्यांची छायाचित्रे तो आजही येईल त्याला दाखवतो. टाकून दिलेल्या माणसाची इतकी चांगली सहल होत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता शुल्काविषयी. प्रौढांना प्रत्येक रात्रीचे १२०० रुपये आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मे आहेत. आपल्या घरी दोघे मोठे, एक मूल चौदा वर्षांचे आणि एक नऊ वर्षांचे असे आपण लिहिले आहे. सहा रात्रींचे एकूण २५,२०० रुपये होतात. रक्कम थोडी नाही, परंतु इतर देशांच्या पर्यटकांना २०२२ मध्ये माणशी रात्रीला २०० डॉलर मोजावे लागत होते, हेही ध्यानात घ्यावे. दादाच्या मते ही कोरोनात बुडालेले पैसे वसूल करण्याची युक्ती आहे. ते खरे नाही; शेजारच्या देशांतील पर्यटकांवर शुल्क लावण्याचा कायदा त्यांच्या संसदेने २०२० च्या आरंभीच, सीमा बंद होण्यापूर्वी संमत केला होता. २०१९ मध्ये सुमारे ३ लाख १५ हजार पर्यटक तेथे गेले आणि त्यांपैकी सुमारे २ लाख ३० हजार भारतीय होते. देशाची लोकसंख्याच आठ लाखांच्या आत आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोचुला खिंडीतील १०८ स्तूपांपैकी एकावर शिडी लावून चढणारा आणि वर उभा राहून छायाचित्र काढून घेणारा दुचाकीस्वार आपल्या महाराष्ट्रातून गेला होता. दादा विचारतो की कुंभाला येणाऱ्यांकडून आपण प्रवेशाचे पैसे घेतो का. घेत नाही, आणि २०१५ च्या सिंहस्थात काय झाले किंवा श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीनंतर वाटेवर काय उरते ते नाशिककराला कोणी सांगावयास नको. पुनाखाच्या किल्ल्याखाली फो छू आणि मो छू या नद्यांचा संगम आहे. तेथे तासभर उभे राहूनही मला पाण्यात एक प्लॅस्टिकची पिशवी दिसली नाही. रामकुंडावरून आलेल्या माणसाला १२०० रुपये तेथेच वसूल होतात.

पारोजवळच्या ताक्त्सांग मठासाठी एक पूर्ण दिवस ठेवावा. १६९२ साली बांधलेला हा मठ सुमारे ३,१२० मीटर उंचीवर कड्याला चिकटून उभा आहे. घोडी निम्म्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंतच जातात, त्यापुढे पायीच जावे लागते. सप्तशृंगीला हल्ली ट्रॉलीने वर जाण्याची सवय झालेल्या माझ्यासारख्याला दम लागला. आई उपाहारगृहातच समोरचा मठ पाहत चहा घेत बसली. वहिनी सर्वांच्या आधी वर पोहोचल्या.

एजंट घ्यावा की नाही, या प्रश्नाला माझे उत्तर असे की ओळखीचा एजंट मुळीच घेऊ नये. अनोळखी माणसाकडे पैसे परत मागता येतात आणि मोकळेपणाने भांडता येते. हॉटेल, मोटार आणि परवाना हे तिन्ही स्वतः करण्यासारखे आहेत; मात्र थिंफू आणि पारोच्या पलीकडे गाइड सोबत असावाच लागतो, तो आधी ठरवावा. मुलांसाठी पासपोर्ट किंवा जन्मदाखला लागतो, आणि दाखला इंग्रजीत असलेला बरा. मूळ प्रतीच न्याव्यात. मेमध्ये जाणार असाल तर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जावे, कारण पाऊस लागला की फुन्शोलिंग ते थिंफू या घाटरस्त्यावर दरडी येतात. हे सर्व माझ्या एका सहलीवरून लिहिले आहे आणि तिथले नियम बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी भूतानच्या पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर सर्व पुन्हा पडताळावे. मेव्हण्यांना लागू आहे ते मलाही लागू आहे.

दादाने पासपोर्टचे नूतनीकरण करून घेतले आहे आणि मेमध्ये तो एकटा भूतानला जाणार आहे. पैसे त्याच एजंटाकडे भरले आहेत.