अनित्यभावना, क्षणभंगुर आणि आपला सण

आपल्या वडोदऱ्याच्या कारेलीबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या सकाळी ध्यानाचा वर्ग घेतात. तिथे 'अनित्यभावना' हा शब्द आला. काहीच टिकत नाही हे शांतपणे पाहत गेलं की समोर आहे त्याची गोडी वाढते, असा त्यामागचा विचार. मराठीत समजावताना त्या म्हणाल्या, "सगळं क्षणभंगुर आहे अशी भावना मनात आणा." लगेच एक काका म्हणाले, "सकाळच्या पारी मरणाच्या गोष्टी कशाला?" ताई विचारतात, माझा अर्थ चुकला की शब्द? आणि 'भंगुर' ऱ्हस्व की दीर्घ?

ताई, अर्थ बरोबर आहे. घोटाळा शब्दांनी केला, आणि मला विचाराल तर 'क्षणभंगुर'पेक्षा 'भावना'ने जास्त.

आजच्या मराठीत भावना म्हणजे राग, माया, भीती असं मनात आपसूक उमटणारं काहीतरी. भावना दुखावतात, माणूस भावनेच्या भरात बोलून जातो. ती ठरवून आणता येत नाही. म्हणून "भावना आणा" म्हटलं की ऐकणारा बिचारा उदास व्हायच्या खटपटीला लागतो. मुळात हा शब्द 'भू' धातूच्या प्रयोजक रूपावरून आलेला आहे. घडवणं, पुन्हा पुन्हा करून मुरवणं हा त्याचा जुना अर्थ. पालीत तर ध्यानालाच भावना म्हणतात: मेत्ताभावना, विपस्सनाभावना.

हा अर्थ मराठीतून गेलेला नाही, तो वैद्यांच्या खलात शाबूत आहे. लहानपणी दांडिया बाजारात आमच्या शेजारी एक वैद्य राहायचे. थंडीत ते आवळकाठीच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाची भावना देत. काळ्या दगडी खलात चूर्ण, वरून ते भिजेल इतकाच रस, मग बत्त्याला चिकटू लागेपर्यंत घोटायचं. ताटात पसरून गच्चीत वाळवायचं. खपल्या धरल्या की पुन्हा खलात, पुन्हा रस. असं एकवीस वेळा. पहिल्या दिवशी भुरकट दिसणारं ते चूर्ण शेवटी काळपट होई, आणि चिमूटभर जिभेवर ठेवलं तरी दात आंबत. चूर्णही आवळ्याचं आणि रसही आवळ्याचाच, मग एवढा खटाटोप कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "एकदा ओतलेला रस वरवर राहतो रे."

अनित्यभावना ती ही. 'हे टिकणारं नाही' एवढं तर सगळ्यांना माहीतच असतं, पण वरवर. ते मनाला पुन्हा पुन्हा पाजायचं. आपल्या जैन शेजाऱ्यांच्या तोंडी हा शब्द अजून याच अर्थाने ऐकू येतो. ते 'बार भावना' म्हणतात, आणि त्या बारांत पहिली अनित्य. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात या बारांना अनुप्रेक्षा म्हटलंय, म्हणजे निरखत राहणं. तेव्हा वर्गात 'भावना आणा'ऐवजी 'भावना द्या' म्हणून बघा. एका क्रियापदाने वाक्य सरळ होईल.

आता क्षणभंगुर. यातला भंगुर मला फार आवडतो. 'भञ्ज्' म्हणजे मोडणं, त्याला पाणिनी 'घुरच्' प्रत्यय लावतो (३.२.१६१). भासुर आणि मेदुर ही त्याचीच भावंडं. हा प्रत्यय ज्या गटात सांगितलाय तो स्वभाव दाखवणाऱ्या प्रत्ययांचा, नश्वरातला 'वर'ही तिथलाच. म्हणजे भंगुर हे फुटलेल्या कपाचं विशेषण नव्हे. कप आत्ता चांगला धड आहे, हातात आहे, त्यात चहा आहे, आणि तेव्हाही तो भंगुर आहे. ताईंना वर्गात नेमकं हेच सांगायचं होतं.

पण मराठीत या विशेषणांना आपापली सोबत लागली. नश्वर म्हटलं की पाठोपाठ देह येतो, क्षणभंगुर म्हटलं की आयुष्य, अशाश्वत म्हटलं की जग. क्षणिक बहुतेक मोहाला नाहीतर रागाला लागतं. त्यात क्षणभंगुर श्रद्धांजलीच्या मजकुरात इतकं वापरलं गेलंय की काकांना मरण आठवलं यात त्यांची चूक नाही.

खरी गंमत पुढेच आहे, क्षणात. अमरकोशात क्षण हे चक्क माप आहे. बारा क्षणांचा एक मुहूर्त, मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणजे क्षण झाला चार मिनिटांचा. त्याच कोशात नानार्थवर्गात, म्हणजे अनेकार्थी शब्दांच्या भागात, क्षणाचे आणखी दोन अर्थ दिलेत: काम नसलेली मोकळी वेळ, आणि उत्सव. प्राकृतात या अर्थांच्या वाटा फुटल्या. बाराव्या शतकात गुजरातेतल्या पाटणला जैन आचार्य हेमचंद्रांनी व्याकरण लिहिलं, त्याच्या प्राकृताच्या अध्यायात 'क्षण उत्सवे' असं सूत्रच आहे. उत्सव म्हणायचा असेल तर क्ष चा छ होतो, 'छण'. एरवी 'खण'. आणि प्राकृत छ चं मराठीत काय होतं हे आपल्याला वडोदऱ्यात कुणी शिकवायला नको, रोजच ऐकतो: गुजराती पूछवुं, आपलं पुसणं, गुजराती माछली, आपला मासा, त्यांचे छ, आपले सहा. तसाच छणचा झाला सण.

म्हणजे क्षणभंगुरातला क्षण आणि दिवाळीचा सण, शब्द एकच. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी दुसरं काही सुचलं नव्हतं.

(क्षणभंगाची, म्हणजे सगळं क्षणोक्षणी मोडतं या बौद्ध मताची, तात्त्विक बाजू ज्यांना वाचायची आहे त्यांच्यासाठी: बौद्ध आचार्य शांतरक्षितांचा तत्त्वसंग्रह कमलशीलांच्या टीकेसह १९२६ साली आपल्या वडोदऱ्यातूनच, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापला गेला. त्यातली स्थिरभावपरीक्षा पाहा. तिथे क्षण हे काळाचं माप उरत नाही. उपजल्यावर न थांबणारं वस्तूचं रूप, तोच क्षण.)

मग बोलीत काय म्हणावं? मराठी माणूस असल्या वेळी विशेषण शोधत नाही, मुदत सांगतो. घटकाभर बसा. चार दिवस सासूचे. आणि दीड दिवसाचा गणपती. शाडूच्या मूर्तीला 'क्षणभंगुर मूर्ती' कोणी म्हणत नाही, पण उत्तरपूजेला अक्षता वाहून ती जागेवरून जराशी हलवतात तेव्हा घरातलं लहान पोरसुद्धा गप्प होतं. आमच्याकडे बादलीतच विसर्जन होतं. आधी सोंडेचं टोक मऊ होतं, बारीक बुडबुडे वर येतात, हातातला मोदक शेवटपर्यंत ओळखू येतो. ती दीड दिवसांचीच आहे हे आणताना माहीत असतं, म्हणून तर त्या दीड दिवसात एकही आरती चुकवत नाही. काकांना हे सांगून बघा, ताई. 'आहे तोवर' हे दोन शब्द मला अनित्याचं सगळ्यात जवळचं बोलीरूप वाटतात. मात्र पत्रकावर 'अनित्यभावना' असंच छापा, त्याला तोड नाही.

राहिला ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न. भंगुर तत्सम आहे, म्हणून गु ऱ्हस्व. मधुर, चतुर यांच्यासारखा. मजूर, फितूर हे तत्सम नव्हेत, म्हणून त्यांचा उपान्त्य ऊकार दीर्घ. त्यांच्या चालीवर 'भंगूर' लिहू नका.