"एकच ग्लास प्यायले, पण प्यायले तर होतेच ना"

पत्र (ओळख पटेल असं काढून टाकलंय):
"ताई, मी २४ वर्षांची, पुण्यात आयटीत आहे, घर सोलापूरकडे. नऊ दिवसांपूर्वी टीममधल्या एकाच्या फ्लॅटवर पार्टी होती. मी एकच ग्लास घेतला, व्होडका आणि ऑरेंज ज्यूस, त्यानेच बनवून हातात दिला. एरवी दोन बिअर पिऊन मी घरी येऊन दुसऱ्या दिवशीचा डबासुद्धा भरून ठेवते. त्या दिवशी अर्ध्या तासात पाय लटपटायला लागले, जीभ जड झाली, पुढचं काहीच आठवत नाही. रूममेट म्हणते मी आतल्या खोलीत होते, आतून कडी होती, तिने दार वाजवून वाजवून उघडायला लावलं. तो म्हणाला, हिला चढलीय, झोपवत होतो. सगळे हसले. ऑफिसात तो माझ्याशी एकदम नॉर्मल वागतो. मी एकच ग्लास प्यायले, पण प्यायले तर होतेच ना? पोलिसात गेले तर आधी मलाच विचारतील. आणि पुढच्या महिन्यात मैत्रिणींबरोबर गोव्याला जायचं ठरलंय, जाऊ का नको?"

अगं, आधी तुझ्या रूममेटला माझ्याकडून घट्ट मिठी मार. सगळे हसत असताना ती दार वाजवत राहिली, ही साधी गोष्ट नाहीये.

आता तुझ्याच पत्रातलं एक वाक्य तुला परत वाचून दाखवते. दोन बिअर पिऊन तू डबा भरतेस, आणि त्या दिवशी एका ग्लासात तुझी शुद्ध गेली. हे गणित जुळत नाही. जेवढं पोटात गेलं त्याच्या कितीतरी पट जास्त जेव्हा अंगावर येतं, जीभ जड होते, पाय ऐकत नाहीत आणि मधला अख्खा तुकडा डोक्यातून गायब होतो, तेव्हा पहिला संशय ग्लासात अजून काय होतं याचाच घ्यायचा. कदाचित गोळी, कदाचित तू समजत होतीस त्याच्या तिप्पट व्होडका, ज्यूसमध्ये ती कळतसुद्धा नाही. आणि हो, गुपचूप जास्त दारू घालणं हासुद्धा तोच प्रकार आहे, सगळ्यात जास्त वापरलं जाणारं गुंगीचं औषध दारूच आहे. इथे बसून मी खात्रीने नाही सांगू शकत त्या खोलीत काय झालं ते. पण "चढली असेल" म्हणून हे सोडून देऊ नकोस एवढं नक्की सांगते, कारण हाच शब्द अशा माणसांच्या कामी येतो. चढली म्हटलं की सगळे हसतात आणि कुणी दार वाजवत नाही.

माझ्या लहानपणी माझे काका नागपूरहून रात्रीच्या गाडीने येत होते, समोरच्या गोड बोलणाऱ्या कुटुंबाने चहा-बिस्कीट दिलं, काका सकाळी दादरला ओढून उतरवले गेले. घड्याळ नाही, बॅग नाही, दोन दिवस हॉस्पिटलात डोळे उघडत नव्हते, उघडले तरी आत्याला आईच्या नावाने हाक मारत होते. मला आठवतं, भेटायला आलेल्या पंचवीस माणसांपैकी एकानेही विचारलं नाही की बिस्कीट खाल्लंस कशाला. सगळे म्हणत होते, बिचाऱ्याला लुबाडलं हो. तुझ्या बाबतीत गुंगी तीच, फसवणूक तीच, मग प्रश्न तुला का? तू ग्लास घेतलास तो प्यायला घेतलास. त्यात कुणी काही घालायची परवानगी तू दिली नव्हतीस.

रेल्वेच्या त्या घोषणांनी आपल्या डोक्यात एक पक्कं बसवलंय, अनोळखी माणसाकडून खाऊ नका. बरोबरच आहे. पण देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी एनसीआरबीचे आकडे दरवर्षी एकच सांगतात, बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त केसमध्ये आरोपी ओळखीचाच असतो. फ्रान्समधल्या जिझेल पेलिको या बाईंची केस आठवते का? नवरा जवळपास दहा वर्षं त्यांच्या जेवणात आणि पिण्यात टेन्शनच्या गोळ्या, लोराझेपाम, मिसळत होता आणि बाहेरच्या पुरुषांना घरी बोलावत होता. बाईंना वाटायचं आपल्याला मेंदूचा काही आजार झालाय, काहीच कसं आठवत नाही, डॉक्टर केले, तपासण्या केल्या. १९ डिसेंबर २०२४ ला कोर्टाने नवऱ्याला २० वर्षांची शिक्षा दिली, त्याच्यासकट ५१ जण दोषी ठरले. ज्या हातचं रोज जेवायची सवय होती तोच हात होता. त्यामुळे "तो तर टीममधला आहे, असं कसं करेल" हा विचार मनात आला असेल तर तो बाजूला ठेव.

आता काम. नऊ दिवस झालेत, त्यामुळे लघवीच्या किंवा रक्ताच्या टेस्टमध्ये औषध सापडण्याची आशा जवळपास नाही. यात तुझी चूक नाही, काही औषधं बारा तासांतच लघवीतून निघून जातात. पण आठवत नाही म्हणजे काही झालं नाही असं धरून बसू नकोस, याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. प्रेग्नन्सी, एचआयव्ही, बाकीची इन्फेक्शन्स, सगळ्या टेस्ट करून घे, एचआयव्हीची परत तीन महिन्यांनी. सरकारी असो की खासगी, बलात्काराच्या केसमध्ये पहिले उपचार लगेच आणि फुकट द्यायचे हे प्रत्येक हॉस्पिटलवर कायद्याने बंधन आहे आणि तू एफआयआर करणार की नाही यावर ते अडवू शकत नाहीत. कुणी ती जुनी टू फिंगर टेस्ट, म्हणजे योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी, करायची म्हणालं तर सरळ नाही म्हण, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी.

जिच्यावर ही वेळ आज किंवा काल आली असेल तिच्यासाठी इथेच लिहिते, कारण तिच्याकडे अजून वेळ आहे. अंघोळ करू नकोस, कपडे धुऊ नकोस, ते कागदी पिशवीत ठेव, प्लास्टिकमध्ये नाही, ओल धरते. शक्य तितक्या लवकर हॉस्पिटल गाठ आणि तिथे सांग की गुंगीचं औषध दिल्याचा संशय आहे, लघवी आणि रक्त दोन्ही घ्या. लघवी रोखणं शक्यच नसेल तर ती पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरून सोबत ने. अंगावरचे पुरावे साधारण चार दिवसांपर्यंत घेतात. एचआयव्ही रोखायच्या गोळ्या ७२ तासांच्या आतच सुरू कराव्या लागतात आणि गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी चांगली.

पोलिसांची भीती मला कळते. तू लिहिलं नाहीस पण मला वाटतं तुझ्या मनात हेही असेल की महाराष्ट्रात व्होडका २५ नंतर आणि तुझ्याकडे परवानाही नाही. तो विषय वेगळा आहे, त्यामुळे तुझी तक्रार बाद होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत इजा किंवा गुन्हा करायच्या हेतूने कुणाला गुंगीचं औषध देणं हा कलम १२३ चा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. आणि नशेत किंवा गुंगीत ज्या बाईला काय चाललंय तेच कळत नाही तिचा होकार कायदा होकार मानतच नाही. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतली जाणारी तक्रार, कुठल्याही पोलीस स्टेशनात होते, जबाब महिला अधिकारी घेते, तुझं नाव छापणं हा गुन्हा आहे. एकटी जाऊ नकोस, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर, सखी केंद्राची, म्हणजे अत्याचार झालेल्या बायकांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राची, बाई सोबत येऊ शकते. तक्रार करायचीच असं मी म्हणणार नाही, ते तू ठरव, पण उशीर झाला म्हणून आता करता येत नाही हे मात्र खोटं आहे. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे जायचं असेल तर घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, तारीख लक्षात ठेव.

एक घाई मात्र करच. त्या सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज थोड्याच आठवड्यांत स्वतःहून पुसलं जातं. पोलिसात गेलीस तर पहिल्याच दिवशी ते जपून ठेवायला सांग.

गोवा. जा गं, का नाही जायचं? फक्त जाण्याआधी चौघी एकदा बसा आणि प्रत्येकीने सांगा की मला किती झेपतं आणि त्याच्यापुढे मी कशी दिसते. हेच खरं काम करतं, ग्लासावर हात ठेवणं वगैरे ठीक आहे, बाटली आपल्यासमोर उघडलेली घ्यावी, वॉशरूमहून आल्यावर टेबलावरचं परत तोंडाला लावू नये, कुणी "मी आणतो" म्हटलं तर काउंटरपर्यंत सोबत जावं, पण एकटी मुलगी रात्रभर ग्लासाकडे बघत बसू शकत नाही आणि बसायलाही लागू नये. एका ग्लासात तुझे डोळे जड झाले तर तुला ओळखणारी मैत्रीण क्षणात म्हणेल, हे हिचं नेहमीचं नाही. मग तिला एकटीला कॅबमध्ये घालायचं नाही, "मी सोडतो" म्हणणाऱ्या सज्जनाच्या ताब्यात द्यायचं नाही, झोपेल आणि उतरेल म्हणून खोलीत बंद करायचं नाही. गोळ्या आणि दारू एकत्र झाली की श्वास मंद होतो, उताणी झोपलेली असताना उलटी झाली तर ती घशात जाते. कुशीवर वळवायचं, शेजारी बसायचं, हाक मारून उठत नसेल तर १०८.

आणि आज रात्रीच एक कर. रूममेटला वही दे आणि तिला जे दिसलं ते सगळं लिहायला सांग, किती वाजता तू दिसेनाशी झालीस, किती वेळ दार वाजवलं, कडी उघडल्यावर तू कशी होतीस, तो काय बोलला, कोण कोण हसलं, कॅब किती वाजता बुक केली. त्या रात्रीचे मेसेज दोघींपैकी कुणीच डिलीट करू नका. खाली तारीख घालून तिला सही करायला सांग. तुला जे आठवत नाही ते तिला आठवतंय, आणि तिलाही ते महिनाभराने एवढं नीट आठवणार नाही.