लेखकाच्या रकान्यात कुणाचं नाव?

प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली, की माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, दोन वाक्यं हमखास येतात. "मॅडम, वाचलंय खूप, पण कुठे वाचलं तेच सापडत नाही," हे पहिलं. दुसरं जरा हळू आवाजात येतं, "उद्या चोरी ठरली तर?" मुलं बदलतात, विषय बदलतात, ही दोन वाक्यं तीच राहतात. म्हणून त्यातल्याच एकीची गोष्ट सांगते. तिने परवानगी दिली आहे, ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत.

ती समाजशास्त्रात पीएच.डी. करत होती. विषय ऊसतोड करणाऱ्या बायका. झोप लागत नाही म्हणून आली आणि पहिल्याच भेटीत लॅपटॉप उघडून बसली. 'डाउनलोड', 'डाउनलोड 3', 'फायनल नवीन' अशा नावांच्या पीडीएफ. ग्रंथालयातल्या पुस्तकांचे मोबाइलवर काढलेले फोटो, आणि पान क्रमांक नेमका अंगठ्याखाली. शिवाय संदर्भ साठवायची दोन सॉफ्टवेअरं, झोटेरो आणि मेंडेली, दोन्ही.

"दोन्ही कशाला गं?"

"एकात काही राहून गेलं तर, मॅडम?"

झोटेरोत अकराशेच्या वर नोंदी होत्या. त्यातल्या वाचून किती झाल्या, असं विचारल्यावर ती आधी हसली, मग तिचे डोळे भरले.

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करते. तिचे जनक अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं असं, की घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्टाग्रह आपल्याला जास्त छळतो. मराठीत हा हट्ट ओळखायला सोपा आहे, तो एका अक्षरात मावतो. 'च'. मी कागदावर तिचे 'च' मोजत बसले. सगळं वाचलंच पाहिजे. एकही संदर्भ सुटताच कामा नये. गाइड सरांनी विचारलं तर आलंच पाहिजे. अर्ध्या तासात सतरा झाले. कागद तिच्यासमोर सरकवला, तेव्हा ती म्हणाली, "पण नियमच तसे आहेत." अठरा.

मग नियमच वाचायला सांगितले. भीती पुष्कळदा ऐकीव माहितीवर पोसलेली असते. वाङ्मयचौर्याबद्दल यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 2018 ची नियमावली आहे. तिच्यात दुसऱ्याच्या लेखनाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सुधारून पुन्हा सादर करायचं, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंतची मुदत मिळते. नोंदणी रद्द होते ती साठ टक्क्यांच्या वर. आणि श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, हे साम्यात धरत नाहीत. तिने हे मोठ्याने वाचलं. खांदे थोडे खाली आले. पण झोप काही आली नाही, आणि मला तिथेच कळायला हवं होतं की दुखणं दुसरीकडे आहे.

ते चौथ्या भेटीत सापडलं. मी म्हटलं, "आज लॅपटॉप बंद. फडात काय पाहिलंस ते सांग."

पाच मिनिटं ती अडखळली. मग सुरू झाली ती थांबेना. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, पण मुकादमाने दिलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, नवऱ्याच्या हातात पडते. पहाटेच्या अंधारात निघालेली बाई तान्ह्या पोराला बांधावर झोपवते आणि मोळी डोक्यावर घेते. एका बाईने तिला विचारलं होतं, "आमचा अर्धा कोयता कुठं लिवलाय का गं?" वीस मिनिटं मी फक्त ऐकत होते.

"हे सगळं कुठे लिहून ठेवलंयस?"

"डायरीत आहे. पण तो रेफरन्स नाही ना, मॅडम."

खोलीत शांतता झाली. एवढी वर्षं काम केल्यावर अशी शांतता ओळखता येते. अशा वेळी समुपदेशकाने तोंड मिटून बसावं. शेवटी तीच म्हणाली, "म्हणजे अकराशे लोकांना मी जागा दिली. माझीच नोंद नाही." तिला चोरीची भीती होतीच. पण त्या भीतीखाली 'माझ्याकडे माझं असं काही नाहीच' हा एकोणिसावा 'च' दडून बसला होता. तो मला मोजता आला नव्हता, तिने स्वतः काढला.

पुढचं काम त्यामानाने सोपं. मेंडेली काढून टाकलं. दोनांपैकी कुठलंही एक चालतं, दोन्ही चालत नाहीत. झोटेरोच्या पीडीएफ वाचकात अधोरेखित करायला रंग आहेत. पिवळा लेखकाच्या शब्दांसाठी, हिरवा ती ज्याच्याशी वाद घालणार त्यासाठी. ही अधोरेखितं टिपणात ओढली की पान क्रमांक सोबत येतो, अंगठ्याचा प्रश्न मिटतो. पण प्रत्येक नोंदीखाली स्वतःचं एक वाक्य, पुस्तक बंद करून लिहिलेलं, ही अट माझी. ज्याखाली वाक्य सुचत नाही, तो संदर्भ अजून वाचलेला नाही असं समजायचं. महिनाभरात अकराशेंच्या एकशे साठ झाल्या.

मराठी साधनांसाठी हाताने कष्ट करावे लागतात, हे आधीच सांगून ठेवते. जुन्या पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ टाकली तर लेखक, वर्ष आपोआप भरलं जाईलच असं नाही. मुखपृष्ठामागचं पान उघडून स्वतः टंकायचं. शके छापलेलं असेल तर 78 मिळवायचे, आणि पौष ते फाल्गुन असेल तर बहुधा 79. झोटेरोच्या फुकटच्या खात्यात फाइलींसाठी 300 एमबी मिळतात, स्कॅनने ते पटकन भरतात. मोठ्या फाइली आपल्याच डिस्कवर ठेवाव्यात, नोंदी तशाही ऑनलाइन खात्याशी जुळत राहतात. आणि मुलाखत दिलेल्या बायकांची खरी नावं ऑनलाइन खात्यात चढवायची नाहीत. क्रमांक द्यायचे, नावांची यादी कागदावर, कपाटात.

डायरीची नोंद मात्र तिने माझ्यासमोर केली. नवीन आयटम, प्रकार हस्तलिखित. शीर्षक लिहिलं, तारीख लिहिली, आणि बोट अडलं.

"मॅडम, लेखकाच्या रकान्यात माझं नाव टाकू?"

"मग काय, मुकादमाचं टाकतेस?"